बंद आणि बंदद

हळ्ळीखेडच्या शिवारात श्रीपतरावांनी तुरीसाठी लोखंडी कणगी उभी केली, तेव्हा ती रिकामी करायच्या कामावर लिंगाप्पाला ठेवलं. कणगीच्या बुडाशी मांडीएवढा जाड स्क्रू; मोटर लावली की तो फिरत फिरत तूर लॉरीकडं ओढायचा. लिंगाप्पाचा हट्ट एकच. स्क्रू तटला तर आधी मेन पाडायचा, पेटीला कुलूप घालायचं, किल्ली कनवटीला, मगच हात आत. सहा सुग्या झाल्या, दहाही बोटं शिल्लक होती. एवढी शिल्लक त्याला पुरे होती.

श्रीपतरावांना नव्हती.

"पेटीला कुलूप घालायलास. आत देव बसिवलास का काय लिंगाप्पा?" असं ते चारचौघांत म्हणत. चारचौघं हसत, कारण खोळंबलेली लॉरी त्यांचीच असे.

यंदा त्यांनी किल्ली काढून घेतली. वर मोटरला ऑटो बसवला, बोअरच्या पंपाला बसवतात तसला. करंट गेला आणि परत आला की मिनिटभरानं मोटर आपली आपण सुरू.

"मालक, बोअरमधी कुनी हात घालत न्हाई," लिंगाप्पा म्हणाला.

"मग तू बी घालू नको."

पौषातल्या एका दुपारी अर्धी लॉरी भरली आणि करंट गेला. स्क्रू थांबला तसं दिसलं, वरचं झाकण नीट न बसल्यानं तूर भिजून तिचा गड्डा झालाय आणि तो नेमका तोंडाशी अडकलाय. लॉरीवाला हॉर्न वाजवायला लागला. स्विचची पेटी कणगीच्या पलीकडं, तिथं मालकांचा भाचा रविकुमार उभा. हा कडगंचीचा. तोंडात आधी येईल ती भाषा बोलायचा, कधी मराठी, कधी कन्नड. इकडं सगळेच तसे.

"रवी, करंट बंद हाय का रे?" लिंगाप्पानं अलीकडून विचारलं.

"बंदद," रवी म्हणाला.

कन्नडात बंदद म्हणजे आलाय. लिंगाप्पाला ते कळत नव्हतं असं नाही. हुमनाबादच्या बाजारात मालकांची घासाघीस कन्नडात तोच करी. पण मराठीत विचारलं की कान उत्तरही मराठीतच धरतो, आणि शेवटचा द हॉर्ननं खाल्ला. त्यानं उजवा हात आत घालून गड्डा धरला. ऑटोचं मिनिट भरत आलं होतं.

हात मनगटापासून गेला.

दवाखान्यात श्रीपतराव मोसंबी घेऊन आले. लिंगाप्पाची बायको म्हाळसा उशाशी बसली होती.

"काय सांगावं म्हाळसाबाई, भाषेनं घात केला," ते म्हणाले. "रवी म्हनला आला, ह्यानं ऐकलं बंद. कुनाचीच चूक न्हाई बघा."

"त्या स्क्रूला कंची भाषा येती, मालक?"

श्रीपतरावांनी मोसंबीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"किल्ली कुठं हाय?" लिंगाप्पानं डोळे न उघडता विचारलं.

"तू आता आराम कर. किल्लीचं कशाला काढायलास?"

चौकशीला आलेल्या साहेबानं कागदावर 'भाषेची गल्लत' असं लिहिलं. तोही दोन्ही भाषा जाणणारा होता, त्याला लगेच पटलं. ऑटो कागदात आला नाही. कुलूपही नाही.

चैत्रात लिंगाप्पा कणगीवर गेला. नोकरी मागायला नव्हे. नवा माणूस ठेवलाय, त्याला एवढं एकच सांगावं म्हणून. कणगीच्या अंगावर ताज्या रंगात ठळक सूचना होती: 'इथे एकाच भाषेत बोलावे.' वर मराठीत, खाली कन्नडात. खर्चाला मागंपुढं पाहिलं नव्हतं.

नवा माणूस मल्लिकार्जुन, दुबलगुंडीचा. स्क्रू तटलेला होता, लॉरी उभी होती, करंट नव्हता.

"मल्लू, हात घालू नको," लिंगाप्पा म्हणाला. "ऑटो लागून हाय. आधी मालकाकडून किल्ली माग. मेन पाड, कुलूप घाल."

"येळ जायलाय, लिंगाप्पा," श्रीपतराव सावलीतून म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आता तर सगळे एकच भाषा बोलायलेत."

मल्लिकार्जुननं लिंगाप्पाच्या बाहीच्या रिकाम्या टोकाकडं पाहिलं. मग श्रीपतरावांकडं पाहिलं. रोजगार कुणाच्या हातात आहे, हे काही त्याला मोजून बघावं लागलं नाही.

त्यानं शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली आणि खाली बसला.