निर्जळी

अलेमनेशच्या रक्ताचा अहवाल पाहून भूलतज्ज्ञ तिरसित खुर्चीत मागे टेकली. मूत्रपिंडांचा हाल सांगणारं क्रिएटिनिन आठवड्यात दुपटीच्या घरात गेलं होतं. उद्या हृदयाची झडप बदलायची होती आणि परदेशी सर्जन शनिवारी अदिस अबाबा सोडणार होते. हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवलं की आधीच सुकलेली मूत्रपिंडं पहिला मार खातात. मग झडप नवी आणि बाई डायलिसिसवर. तिच्या गावी, लालिबेलापलीकडच्या डोंगरात, डायलिसिस कुठलं?

ती वॉर्डात गेली आणि थोरल्या बाईला 'आई' म्हणून मारतात ती हाक मारली. "इमामा, पाणी पिता ना?"

"पिते की. दुपारी तीननंतर."

मरियमचा, येशूच्या आईचा, पंधरवड्याचा उपवास; दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. तिरसितला हे सुचायला हवं होतं. तिचाही चालूच होता.

"आणि लघवी वाढवायची गोळी?"

"ती सकाळीच. रोज घ्या म्हणालात ना? कोरडीच गिळते."

"आजाऱ्याला उपवास माफ असतो."

"मरियमने वाचवावं म्हणून तर धरलाय. तुम्ही माफ करून काय उपयोग?"

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. तिरसितच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने अलेमनेशच्या धर्मपित्याला, गावच्या चर्चचे पाद्री अब्बा वोल्देंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"तिला मी उपवासातून आधीच मोकळं केलं होतं," अब्बा म्हणाले. "नवऱ्याचं कधी ऐकलं नाही, माझं काय ऐकणार?"

"अब्बा, लोक ऐकताहेत," अलेमनेश पुटपुटली.

"ऐकू देत. हा उपवास नाही, हट्ट आहे. पाणी पी."

तिने पेला घेतला, पण ओठाला लावला नाही. "तुम्ही पिता का, डॉक्टर? तुमचेही ओठ फुटलेत."

अकराच वाजले होते. तिरसितने हा उपवास लहानपणापासून कधी मोडला नव्हता. तिने पेला ओढून घेतला आणि अर्धा रिकामा केला. अब्बा फोनवर विचारत होते, गप्प का झालात? उरलेलं पाणी अलेमनेश प्यायली.

"घोट घोटच, इमामा. छातीत पाणी भरेल."

तिरसितने गोळी थांबवली, उद्याची शस्त्रक्रियेची पाळी दुसऱ्या रुग्णाला दिली आणि सर्जनकडून शुक्रवार मागून घेतला.

शुक्रवारी आकडा उतरला, पण हवा तितका नाही. "यंत्रावर रक्तदाब चढाच ठेवू, मूत्रपिंडांना रक्त पोचत राहील," सर्जन म्हणाले. तिरसितने होकारार्थी मान हलवली. सर्जनची पुढची फेरी वर्षाने होती आणि अलेमनेशचं हृदय तोवर तग धरणार नव्हतं.

छाती शिवून झाली तरी तिरसित टेबलाखालच्या पिशवीकडे बघत उभी होती. लघवी येत होती. थोडी, गडद, पण थांबली नव्हती.

"दर तासाला मोजा," तिने नर्सला सांगितलं आणि जवळचं स्टूल ओढलं.