गाण्याआधीची बडबड

जावयाने कॉम्प्युटरमधली गाणी साफ केली, हे मला रविवारी सकाळी कळलं. चहा गॅसवर ठेवून बाहेरच्या खोलीत आलो आणि पहिलं गाणं लावलं. ते लगेच सुरू झालं, थेट बासरीपासून. बायकोचा आवाज आलाच नाही.

वाटलं, बटण चुकलं. पुन्हा लावलं. मग त्याच्या खालचं, मग अगदी शेवटचं. आत चहा उतू गेला.

साखरेने तिची नजर गेली तेव्हा पडद्यावरची नावं तिला दिसेनाशी झाली. मी दिवसभर डेपोत बसगाड्यांच्या खाली, ब्रेक दुरुस्त करत. मग मुलीने तिला युक्ती शिकवली. माइकसमोर गाण्याचं नाव बोलायचं आणि ते गाण्याच्या सुरुवातीला जोडून टाकायचं. ऐकताना बाणाचं बटण दाबत जायचं, हवं ते आलं की थांबायचं.

पण नुसतं नाव सांगून गप्प बसेल तर ती कसली. "हे संथ आहे. आमच्या ह्यांचं आवडतं, म्हणजे दुसऱ्या कडव्याला घोरणार." "हे रडकं. पाहुणे उठत नसतील तर लावा." "हिला सूर सापडायला वेळ लागतो, तोवर गॅस बंद करून या." सगळ्या गाण्यांना असं काही ना काही.

ती गेल्यावर मी गाणी ऐकत नव्हतो. तिचं बोलून झालं की पुढचं लावायचो.

जावई दोन दिवसांसाठी आले होते. मुलीचे दिवस भरत आलेले, तिला प्रवास बंद. ते दात घासून बाहेर आले, तेव्हा मी अजून खुर्चीतच होतो.

"ऐकलंत का बाबा? केवढा फरक पडलाय," ते म्हणाले. "काल तुम्ही बाजारात गेलात तेव्हा करून टाकलं."

"काय केलंत?"

"सगळी गाणी जुनी, खरखर नुसती. एक प्रोग्राम आहे, तो गाण्याचा मधला तुकडा ऐकतो, ओळखतो आणि त्याच्या जागी चांगली प्रत आणून ठेवतो."

"आणि आधीची?"

"ती काढून टाकली. उगाच जागा अडवतात."

"जावईबापू, त्यांच्या सुरुवातीला ही बोलायची."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. टॉवेल हातात घेऊन उभे राहिले.

"ती म्हणाली, आईची गाणी आण," ते म्हणाले. "एवढंच म्हणाली. मला वाटलं, न्यायचीच आहेत तर चांगली करून नेऊ."

खिशातून पेनड्राइव्ह काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यात सगळी गाणी होती, स्वच्छ. दुपारपर्यंत ते कॉम्प्युटरसमोर बसून खटपट करत राहिले. जेवले नाहीत. निघताना म्हणाले, "मी सांगतो तिला."

"आता नको. तिची तब्येत बघा. आणि तुम्ही तर मुळीच सांगू नका. तुम्हाला एका घरात राहायचंय. माझ्या हातून पुसलं गेलं, असं मीच सांगेन."

"तुमच्यावर विश्वास बसेल तिचा?"

"मला बटणं कळत नाहीत, हे तिला लहानपणापासून माहीत आहे."

ते हसले नाहीत. मीही नाही. पेनड्राइव्ह तिथेच ठेवून गेले.

सोमवारी कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने विचारलं, "काका, पुसल्यावर त्यात नवीन काही भरलं का?"

"तीच गाणी भरली."

"तिथेच घात झाला. जुन्याच्या जागेवर नवीन बसतं. बघतो, पण आशा धरू नका."

गाडीखाली नट निसटला तर तो जमिनीवर कुठेतरी असतो. हाताने चाचपत शोधला की सापडतो. मला तेच वाटत होतं. आठवड्याने त्याने बोलावलं आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. एक तुकडा निघाला होता. "हे सकाळचं आहे. लावायच्या आधी" एवढं ती म्हणते आणि पुढे नुसती किंचाळल्यासारखी खरखर.

"पुढचं नाही का?"

"नाही काका. बाकीच्या गाण्यांचं तर एवढंही नाही."

लावायच्या आधी काय करायचं, ते मला आठवत नाही. रोज ऐकलेलं वाक्य आहे. खिडकी उघडायची म्हणाली असेल, नाहीतर मला उठवायचं. जावयाला फोन करून विचारलं, त्यांनी तर ते कधी ऐकलंच नव्हतं. मुलीला माहीत असणार. रेकॉर्ड करताना ती शेजारी बसलेली असायची.

ती एक दिवसाआड फोन करते. "बाबा, हे गाणी विसरून आले. विसरभोळ्याला काय बोलणार? तुम्हीच पाठवा. बाळ झालं की मला आईची बडबड ऐकवायचीय त्याला."

"कॉम्प्युटर दुरुस्तीला दिलाय," मी म्हणतो.

"अजून? काय, कारखान्यात पाठवलाय का? दुकानदाराला जरा ओरडा की."

"ओरडतो."

कॉम्प्युटर परवाच घरी आला. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.