मागच्या बाजूचं तणीस

मित्रांनो, मी एक जुना रेडा आहे. साक्षात यमराजाला पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यांच्या वंशात माझा जन्म झाला. त्यामुळे भीती म्हणजे काय, हे आमच्या कुळाला ठाऊक नाही.

निदान कुणी तसं कबूल करत नाही. मी मात्र रोज सकाळी उठलो की आधी शेपूट हलवून बघतो. आहे ना अजून?

देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या साली मला वेसण मिळाली. माझा मालक लक्ष्मीचंद, आमगावच्या बाजूचा धानाचा शेतकरी. भुऱ्या नावाचा दुसरा रेडा आणि मी, अशी आमची जोडी. गुडघाभर चिखलात आम्ही नांगर ओढायचो, तेव्हा तो बांधावरून ओरडायचा, "ह्या जोडीले तोड नाई!" आणि त्याच दमात पराणी टोचायचा.

आमच्याकडे घराची पत तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावरून ठरते, असं लक्ष्मीचंदचं ठाम मत. ढीग उंच म्हणजे धान भरपूर, धान भरपूर म्हणजे सोयरीक करायला हरकत नाही. त्याची मुलगी रुख्मा लग्नाची झाली होती.

नेमका त्या साली कापलेला धान शेताच्या बांध्यांमध्ये पडलेला असताना पाऊस आला. तणीस भिजलं. लक्ष्मीचंदनं चांगलं पिवळं तणीस रस्त्याच्या बाजूला रचलं आणि भिजलेलं मागे, गोठ्याकडे. पाहुणे मुलगी बघून जाईपर्यंत समोरच्या बाजूला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. बैलांना लाखोळीच्या डाळीचं कुटार, म्हणजे भुसा, होता. रेडे काहीही खातात अशी आमची ख्याती, म्हणून मागचं आमच्या वाट्याला आलं.

ते काळं पडलं होतं. ओढलं की पांढरट धूळ उडायची आणि कुबट वास यायचा. पहिल्या दिवशी मी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी भूक लागली.

थंडी वाढली तसं भुऱ्याच्या शेपटीचं टोक गार पडलं, सुकलं आणि एका सकाळी शेणात पडलेलं दिसलं. कानांच्या कडा जुन्या वहाणेसारख्या कडक झाल्या. मग मागचे पाय सुजले. खुराच्या वर भेग पडली आणि खूर लोंबू लागला. मी शेजारीच बांधलेला, त्याच गव्हाणीवर. भुऱ्याकडे बघायचं म्हणजे आपलं पुढचं बघायचं. मी बघत नसे. पण त्याचं कण्हणं ऐकू येई, आणि कान बंद करण्याची सोय आम्हाला नाही.

शेजारचा जागेश्वर म्हणाला, "नजर लागली, भाऊ. पायाले काळा दोरा बांध." दोरा बांधला. सुजलेल्या पायात तो रुतला. नजर कुणाची, यावर मात्र मनसोक्त चर्चा झाली.

शेवटी लक्ष्मीचंदच्या बायकोनं, रामकलीनं, आमगावहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाय बघितला, मग गव्हाणीतली मूठभर काडी उचलून हुंगली.

"ही बुरशी आहे. तिचं विष अंगात गेलं की शेपूट, कान, खूर यांचं रक्त बंद होतं. हे आजपासून बंद करा. गेलेलं शेपूट परत येत नाही, पण खूर गेला तर जनावरच गेलं."

"करतो ना, साहेब," लक्ष्मीचंद म्हणाला. "सोमवारी पाव्हने येऊन जाऊ द्या फक्त."

भुऱ्या सोमवारपर्यंत थांबला नाही.

रविवारी माझ्या शेपटीचं टोक गार लागलं. मी ती भिंतीवर आपटून बघितली. काहीच जाणवलं नाही. मागचे पाय जड झाले. समोर तेच काळं तणीस होतं, आणि मला भूकही लागली होती. मित्रांनो, इतकी भीती मला वाघाच्या वासानंही वाटली नव्हती.

सोमवारी सकाळी रामकली गोठ्यात आली. माझ्या सुजलेल्या पायांकडे बघून बाहेर गेली आणि ढिगाच्या समोरच्या बाजूनं कवेत मावेल तेवढं पिवळं तणीस उपसून आणलं. एकदा नाही, चारदा.

"काय करून राहिली वो? समोरचं काऊन काढलं?" लक्ष्मीचंद ओरडला.

"करियाचे पाय सुजून राहिले." करिया म्हणजे मी.

"अवो, पाव्हने येऊन राहिले! एवढं भगदाड दिसंल ना त्याइले!"

"मंग तुमी उभे राहा त्या भगदाडात. नाई तरी घरात काय काम आहे तुमचं?"

तो खरंच जाऊन उभा राहिला. आत पोहे झाले, चहा झाला, मुलगी बघून झाली. कुणी हाक मारली की हा तिथूनच "आलो, आलो" म्हणे आणि जागचा हलत नसे. मी भराभर खात होतो. हे कधी काढून नेतील, या धास्तीनं घास नीट चावतही नव्हतो.

माझे खूर राहिले. शेपूट अर्धं राहिलं, त्यामुळे माश्या मला जुमानत नाहीत. मित्रांनो, जे तुम्हाला नाकाशी धरवत नाही, ते गव्हाणीत टाकू नका. आम्ही नको म्हणत नाही. भुकेल्याला ते जमत नाही.

रुख्माचं लग्न ठरलं. ढिगाकडे पाहुण्यांपैकी कुणीच बघितलं नाही. मुलगा गोंदियाला रेल्वेत कारकून होता. त्यांच्या घरी जनावरं नव्हती.