पाचव्या दिवसाचा नंबर

मुलांनो, कल्पना करा. तुम्ही पायाला म्हणताय ‘ऊठ’, आणि तो ऐकतच नाही. मुंग्या येतात, पंजा फरशीवर घासत जातो. पण डॉक्टरांसमोर तोच पाय अगदी शहाण्यासारखा चालतो! कसं वाटेल?

झाशीच्या प्रेम नगरात राहणाऱ्या चारुताला रडूच येई. तिसरे डॉक्टर तर तिला चालायला लावून हसले होते. “बहनजी, बढ़िया तो चल रही हैं! टेंशन मत लिया कीजिए।”

घरी येऊन तिने डॉक्टरांनी दिलेला कमरेचा पट्टा भिंतीवर फेकला. “मी काय नाटक करते? एक दिवस हा पाय कायमचा जाईल, तेव्हा पटेल सगळ्यांना!”

खरी गोष्ट वेगळीच होती. बाईच्या गर्भाशयात एक अस्तर असतं. दर महिन्याला पाळीत ते गळून जातं. कधी कधी तसलंच अस्तर भलत्या जागी वाढतं, त्याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. चारुताच्या पाठीच्या कण्यात ते वाढलं होतं. असं फार क्वचित होतं. पाळी आली की ते सुजायचं आणि पायाकडे जाणाऱ्या नसा दाबायचं.

पण हे कळणार कसं? पाळीचे चार दिवस ती बाजूला बसे, उंबरा ओलांडत नसे. डॉक्टरांपुढे पाळीचं नाव काढायचीही चोरी. तिची नणंद प्रमोदिनी दर वेळी पाचव्या दिवसाचा नंबर लावी. तोवर सूज उतरून पाय चालू लागलेला असे.

पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी चारुता न्हाणीघराच्या दारात कोसळली. तिची अकरा वर्षांची मुलगी शर्वरी धावली.

“शिवू नकोस गं तिला!” प्रमोदिनी ओरडली.

“आत्या, आई पडलीय!”

“दिसतंय मला. शुक्रवारचा नंबर लावलाय ना?”

“शुक्रवारी पाय बरा असतो! दर महिन्याला हेच. मग डॉक्टर बघणार काय, तिची चप्पल?”

“आली मोठी डॉक्टरीणबाई!”

“राहू दे, शरू,” चारुता जमिनीवरूनच म्हणाली. “तीनच दिवस तर आहेत.”

“मागच्या महिन्यातही तीनच होते.”

शर्वरीने आईच्या काखेत हात घालून तिला भिंतीला टेकवून बसवलं. मग उंबऱ्यावर उभी राहून तिने गल्लीतल्या ई-रिक्षाला हाक मारली, “भैया, रुकना! अस्पताल जाना है, अभी!”