चुकीच्या कोनाची सीट

१९५४ चा माघ. यादोराव मिस्त्रींच्या डोळ्यांत उतरलेला मोतीबिंदू. टेकचंदचं सातवी पासचं सर्टिफिकेट. सौंदडच्या धानगिरणीपुढे उभे एकवीस बैलगाडे.

यादोराव आणि त्यांच्या हाताखालचा टेकचंद, दोघांनी गिरणीच्या इंजिनाचं हेड उघडलं, व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट कटरने नव्याने कापली आणि हेड परत बसवलं. पण हँडल मारून मारून दंड भरून आले तरी इंजिन धरेना. व्हॉल्व्हपाशी हवा फुसफुसत राहिली. सीट चुकीच्या कोनात कापली गेली होती, आणि कापलेलं लोखंड पुन्हा जोडता येत नाही.

"मिस्त्रीबुवा, दिसत नाही त घरी बसा ना!" गाड्यावरून दुधराम ओरडला. "आता धान का आमी दातानं सोलू?"

सारे हसले.

"माझीच चूक आहे गा," यादोराव हात पुसत म्हणाले. "टेकचंदले कोनी काही बोलू नोका."

टेकचंदचे कान तापले. खाली मान घालून तो पुसलेलीच हत्यारं पुन्हा पुसत राहिला.

सकाळी यादोरावांनी तीस अंशाचा कटर मागितला होता. म्हाताऱ्याला काय कळतं, पंचेचाळीसचाच हवा, म्हणून टेकचंदने पंचेचाळीसचा त्यांच्या हातात ठेवला आणि "तीसचाच आहे" असं सांगितलं.