चमचाभर साखर

मुलीने कव्हरची तीन बटणं काढली, बरणीचं झाकण उचललं आणि चमचाभर साखर आत सोडली. मग माइक नळीजवळ धरून श्वास रोखून बसली.

बरणी बाबांची. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून झाल्यावर आता कुठे त्यांनी घरी वाइन करायला घेतली होती, आयुष्यात पहिल्यांदा. काळी द्राक्षं त्यांनी स्वतःच्या हातांनी कुस्करली, बरणीला उजेड लागू नये म्हणून अस्तर लावलेलं कव्हर शिवलं, झाकणातून काढलेली नळी पाण्याच्या पेल्यात सोडली आणि फर्मान काढलं, "हिला कोणी हात लावायचा नाही."

आठवड्याभरात पेल्यात बुडबुडे यायला लागले. गुडुक, गुडुगुडुक. मुलगी ताडकन उठलीच. ती एका बालचित्रपटासाठी आवाज तयार करायचं काम करत होती, आणि त्यातल्या चिखलात राहणाऱ्या पिल्लाचं हसू काही केल्या जमत नव्हतं. दिग्दर्शिकेने सात आवाज नापास केले होते. आठवाही पडला तर काम दुसऱ्या कोणाकडे जाणार होतं. आणि ते हसू इथे, स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली, खुशाल खिदळत बसलं होतं!

पण दोन दिवसांत बरणी मंदावली. साखर संपली की बुडबुडे थांबतात, हे बाबांनीच जेवताना सांगितलं होतं. तेव्हापासून बाबा फिरायला बाहेर पडले की हिचा चमचा आत.

एका दुपारी आईने साखरेचा रिकामा डबा ताटांमध्ये आणून आपटला.

"परवाच भरला होता मी." तिने बाबांकडे रोखून पाहिलं. "डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला? या वयात चोरून साखर खाता?"

मुलीचा घास तोंडातच राहिला. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"चुकलं," ते म्हणाले.

मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हसण्याचा शेवटचा तुकडा अजून मिळायचा होता. ती गप्प राहिली.

पाच महिन्यांनी, चित्रपटाच्या पहिल्या खेळाला, थिएटर पोरांनी भरून गेलं. पडद्यावर पिल्लू हसलं आणि पुढच्या रांगेतली एक चिमुरडी खुर्चीवर उभी राहून तशीच गुडगुडायला लागली. मग अख्खी रांग. बाबा तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

घरी येऊन त्यांनी मोठ्या ऐटीत बाटली उघडली. आईने एक घोट घेतला.

"अहो, ही वाइन आहे की खोकल्याचं औषध?"

मुलीला राहवेना. "बाबा, तुमची वाइन मी बिघडवली. ती साखर मी चोरत होते. बरणीत घालायला."

"ठाऊक आहे. बटणं रोज चुकीच्या काजात असायची. शिंप्याची पोर ना गं तू?"

"मग ओरडला का नाहीत?"

बाबांनी पेला उजेडात धरून हलवला. आतली वाइन पाकासारखी संथ हलली.

"चमचाभर साखरेने कुठलं हसतंय तुझं पिल्लू," ते म्हणाले. "तू गेलीस की मी वाटीभर घालायचो."

आई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने बाबांच्या हातातला पेला काढून घेतला.

"द्या इकडे. तुम्हाला साखर चालत नाही."

आणि तो तिने सावकाश, तळापर्यंत संपवला.