कव्हरचा कागद

शुक्रवारी जुन्या घराच्या किल्ल्या द्यायच्या होत्या आणि गोधडीच्या मासिकांचे खोके अजून गॅरेजमध्येच होते. ट्रेव्ह, माझा नवरा, येता-जाता त्यांना पायाने ढोसायचा.

"नोलीन, नव्या घरात एक तर ही राहतील, नाहीतर मी."

"विचार करून सांगते."

जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या बाईने मला गाडीतून उतरूच दिलं नाही. वाचनालयाने नको म्हटलं. आमच्या शिवण-मंडळात तर प्रत्येकीने आपलेच अंक माझ्या गळ्यात मारायला बघितलं. रद्दीच्या पिवळ्या झाकणाच्या डब्यापर्यंत गेले, झाकण उघडलं आणि परत आले. एक अंक मात्र मी आधीच उशीच्या खोळीत दडवला होता. त्याच्या कव्हरवर माझी गोधडी आहे. जन्मात माझं छापून आलेलं तेवढंच.

शेवटी एक खोका घेऊन ग्लेनिसकडे गेले. ग्लेनिस माझी नणंद. सुई धरायला मला तिनेच शिकवलं. हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, आणि तेव्हापासून ती वृद्धाश्रमातल्या खिडकीशी नुसती बसून असते. शिवणाचं नाव काढलं की तोंड फिरवते. ती पुन्हा कशाला हात लावणारच नाही की काय, या विचाराने मला घरी एका जागी बसवत नव्हतं.

"चित्रं बघायला आणलीस?" खोका बघून ती म्हणाली. "लंगड्याला नाचाचे फोटो दाखव."

"चहा तरी पी."

"गार झालाय."

मी दुसरा चहा आणायला गेले. परत आले तर माझ्या पिशवीतली कात्री तिच्या डाव्या हातात, अंक निर्जीव कोपराखाली दाबलेला, आणि बाईसाहेब षटकोन कापतायत. आम्ही जुन्या मासिकांचे करतो तेच. कागदाच्या षटकोनावर कापड दुमडायचं, कच्चा टाका घालायचा, कडा जोडायच्या, मग कागद ओढून काढायचा. कागद सुताएवढा चुकला तरी ग्लेनिस मला अख्खी ओळ उसवायला लावायची. आणि तिच्या त्या षटकोनांची एक बाजू दुसरीसारखी नव्हती.

"शिवून बघ. आणि खरं सांग."

सामानाच्या गराड्यात बसून मी त्यांचं एक फूल शिवलं. कडा जुळेनात. ओढून जुळवल्या तर मधला भाग टोपीसारखा वर आला.

"कसं झालं?" दुसऱ्या दिवशी तिने विचारलं.

"छान."

"खोटं बोलताना तुझं नाक लाल होतं. दे इकडे."

तिने फूल मांडीवर ठेवून अंगठ्याने दाबलं. ते टुणकन वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. आता ही भिरकावणार, मी मनात म्हटलं. पण ती हसायला लागली, खांदे हलेपर्यंत.

"अगं, ही तर चहाच्या किटलीवर घालायची टोपी!" मग एकदम कपाळाला आठी. "आतली पानं हलकी आहेत, कात्रीखाली पळतात. कव्हरं लागतील. आणि डावखुऱ्यांची कात्री."

"आणते."

"सगळी कव्हरं, नोलीन. तुझी गोधडी आहे तेसुद्धा. तो कागद सगळ्यांत जाड."

शुक्रवारी किल्ल्या दिल्या. ट्रेव्हने सगळे खोके तिच्या पलंगाखाली सरकवले. "म्हणजे मी राहिलो," तो म्हणाला आणि चहा शोधायला पळाला. खोळीतला अंक मी वाटभर मांडीवर धरला होता. तो तिच्या हाती देतानाही माझा अंगठा कव्हरवरून सुटत नव्हता.

"सोड," ती म्हणाली.

नवी कात्री माझ्या गोधडीच्या बरोबर मधून गेली. तुकडा मी उजेडात धरला.

"वाकडा आहे."

"दिसतंय मला," ग्लेनिस म्हणाली, आणि अंक फिरवून दुसरी बाजू कोपराखाली घेतली.